१२ फुटी ट्रेलर, चार माणसं, चार दिवस: वीज, पाणी आणि संडासाची जोडणी कशी करावी?

कुरुल_नाका लिहितात:

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत १२ फुटी, एका ॲक्सलचा ट्रेलर बांधून घेतोय. सांगाडा आणि बाहेरचा पत्रा झालाय, आतलं प्लाय अजून लागायचं आहे. वायर-पाइप झाकले जायच्या आत विचारून घेतो. ओढायला बोलेरो. एकूण वजनाची मर्यादा १२०० किलो, सामान वगळून रिकामा ट्रेलर साधारण ८५० किलोचा होईल.

माणसं चार, त्यात आईचं वय सत्तरीच्या पुढं. मुक्काम उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे, कधी नळदुर्ग, आणि आषाढीत पंढरपूरच्या वाटेवर. चार दिवस कुठंही प्लग लावायचा नाही.

आत्ता ठरवलंय ते असं: १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, छतावर ५४० वॉटचं एक पॅनल, घरच्यासारखा इन्व्हर्टर, मागच्या टोकाला २०० लिटरची टाकी, २० लिटरचा कॅसेट संडास (खालची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायचा). एक टनाचा एसी चालेल का? सांडपाण्याला वेगळी टाकी लागतेच का, की पाइप खाली सोडला तरी भागतं? पाणी बोअरचं भरणार आहे.

बारा_व्होल्ट लिहितात:

एसी आधी बाजूला ठेवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात एक टनाचा एसी आठ तासांत सहा युनिट सहज खातो. तुमच्या दोन ट्युब्युलर अर्ध्यापर्यंत उतरवल्या तर देणार १.८ युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास). अर्ध्याखाली रोज उतरवल्या तर लवकर खराब होतात. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा त्यांना मुळातच मानवत नाही.

एसी सोडून रोजचा खर्च काढा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात ५५० वॉट-तास. बीएलडीसी पंखे दोन, ३० वॉटचे, ११ तास, म्हणजे ६६०. दिवे ८०, मोबाइल वगैरे १२०, मिक्सर ४०, पंप आणि किरकोळ ७०. बेरीज १५०० च्या आसपास. फ्रीज गॅसवर चालणारा घेऊ नका. ४० अंशांच्या वर तो नीट गार करत नाही आणि ट्रेलर तिरका उभा राहिला की आणखी रुसतो.

याला १२.८ व्होल्ट २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक पुरते. २५६० वॉट-तास, त्यातले २००० बिनघोर वापरता येतात. वजन २५ किलोच्या आत, दोन ट्युब्युलरचं ११० च्या वर. आतल्या बीएमएसची (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटची) मर्यादा १५० अँपिअरची घ्या. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १०० च्या जवळ खेचतो, तेव्हा १०० वाला बीएमएस काठावर राहतो.

पॅनल ५४० चं ठीक आहे, लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, रुंदी सव्वा मीटरच्या आत, १२ फुटी छतावर बसतं. मात्र पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच हवा, तो पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीला जुळवून देतो. हे पॅनल ४० व्होल्टच्या आसपास काम करतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३.५ व्होल्टवर खाली ओढतो. करंट तोच १३ अँपिअर राहतो, हातात येतात जेमतेम १७५ वॉट, बाकी दोन तृतीयांश वाया. १०० व्होल्ट ५० अँपिअरचा एमपीपीटी घ्या.

उन्हाळ्यात पॅनलचा पृष्ठभाग ६५-७० अंशांवर जातो, त्यानंच १५ टक्के वीज कमी होते. आडवं बसवलेलं पॅनल, धूळ, कंट्रोलरचा तोटा धरून रोज १९०० वॉट-तास मिळतील. आषाढात ढग असले की १०००-११००. म्हणजे पावसाळ्यात रोज ४००-५०० ची तूट, चार दिवसांची मिळून १६०० ते २०००. बॅटरी भरून निघालात तर तेवढी ती झेलते, पण आषाढीत झाडाखाली उभं राहून हा हिशोब जुळायचा नाही. तूट भरायला बोलेरोच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, तासाला ४०० वॉट-तास देतो. रिले लावून अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नका. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो.

घरचा इन्व्हर्टर नको. त्याचा चार्जर लेड-ॲसिडच्या हिशोबाचा असतो, आणि तो नुसता चालू असला तरी १०-१५ वॉट खातो, दिवसाला ३०० वॉट-तास फुकट. प्युअर साइन १००० वॉटचा वेगळा घ्या आणि मिक्सर-चार्जरपुरता चालू करा. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा: भरताना १४.२ ते १४.४ व्होल्ट, भरल्यावर (फ्लोट) १३.५, आणि लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग (इक्वलायझेशन) बंद.

तांब्याची_तार लिहितात:

वरचा हिशोब बरोबर आहे. प्लाय लागायच्या आत ठरवायचं ते तारेचं, म्हणून तेवढंच लिहितो.

१२ व्होल्टला तार जाड लागते. व्होल्टेज किती पडतं ते असं काढा: २ गुणिले लांबी (मीटर) गुणिले अँपिअर गुणिले ०.०१७५, भागिले तारेचा चौरस मिमी. फ्रीज ५ अँपिअर, बॅटरीपासून ४ मीटर, घरगुती दीड चौरस मिमीची तार घातली तर ०.४७ व्होल्ट पडतात. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट आणखी वाढतो, फ्रीजला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. बॅटरी भरलेली असते आणि माणूस फ्रीजच दुरुस्तीला नेतो. ४ चौरस मिमी घातली की ०.१८ व्होल्टवर येतं. इन्व्हर्टरला ३५ चौरस मिमी, लांबी मीटरभराच्या आत. गाडीपासून डीसी-डीसी चार्जरपर्यंत ७ मीटर धरले तर १६ चौरस मिमी, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त करंटची, काढता-घालता येणारी जोडणी).

मुख्य फ्यूज १२५ अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. बीएमएस आहे म्हणून फ्यूज टाळू नका. तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर मधल्या तारेची काळजी फ्यूजच घेतो. घरचे एमसीबी डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या विजेवर, वापरू नका. घरच्या विजेचा (एसी) प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती तशीच जळत राहते. डीसी लिहिलेलेच एमसीबी घ्या.

सांगाड्यातून तार जाते तिथं प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. आणि गॅसची टाकी आत ठेवणार असाल तर तो कप्पा घरापासून बंद करून तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

कुरुल_नाका लिहितात:

मनापासून आभार. लिथियम पक्की. एसीऐवजी कूलर चालेल का? आणि बॅटरी बाकाखाली ठेवली तर तापेल का?

बारा_व्होल्ट लिहितात:

एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, कूलर उत्तम चालतो. लिटरभर पाणी वाफ होताना ०.६७ युनिटएवढी उष्णता घेऊन जातं, म्हणून ८० वॉटचा छोटा कूलरही खोली गार करतो. किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. रात्रीला १५-२० लिटर गेले म्हणून समजा. आषाढात दमट हवेत तो काही कामाचा नाही. त्यापेक्षा प्लायच्या मागं ५० मिमी एक्सपीएस किंवा पफ (उष्णता अडवणारा फोम) भरा. काचलोकर नको, हादऱ्यांनी खाली बसतं आणि ओल धरतं. छत पांढरं करा, पॅनलखाली ४ सेंटिमीटर फट ठेवा म्हणजे पॅनलच छताला सावली देतं, आणि छतात १२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा. त्याचं झाकण उघडं असताना पॅनलवर सावली पडणार नाही अशी जागा निवडा.

बॅटरी बाकाखाली चालेल, पण जमिनीलगत, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या बाजूला, हवेला दोन जाळ्या ठेवून. बंद ट्रेलर दुपारी उन्हात उभा असला की आत ५० अंश होतात आणि बीएमएस चार्जिंग थांबवतो. ऊन भरपूर आणि बॅटरी भरत नाही, असं दिसलं तर आधी तिचं तापमान बघा.

मुरमाड लिहितात:

सगळं बॅटरीवर चाललंय, पण तुमचे चार दिवस बॅटरी ठरवणार नाही, संडास ठरवणार आहे. वीज आकाशातून येते, पाणी विचारून कुठंही भरता येतं. भरलेली मैल्याची टाकी मात्र रस्त्यात कुणी घेत नाही. परदेशात असे ट्रेलर रिकामे करायची ठरलेली ठिकाणं असतात, आपल्या हायवेवर तशी सोय नाही.

कॅसेटच्या जाहिरातीत "दोघांना तीन-चार दिवस" लिहिलेलं असतं ते कागद वापरणाऱ्यांसाठी. आपल्याकडे धुणं आलं. चार माणसांचा दिवस मोजा: लघवी ६ लिटर, मळ एक-सव्वा किलो, धुण्याचं पाणी ६-७ लिटर, आणि प्रत्येक वेळी थोडं फ्लश केलं तरी ८ लिटर. झाले २१-२२ लिटर. तुमचा २० लिटरचा कॅसेट एका दिवसात भरतो. चार दिवसांना चार जादा कॅसेट वाहणं परवडणारं नाही.

उपाय म्हणजे लघवी, मळ आणि धुण्याचं पाणी या तिन्ही गोष्टी वेगळ्या करणं. लघवी वेगळी करणाऱ्या कोरड्या संडासात धुण्याचं पाणी मळाच्या बादलीत पडलं की सगळं बिघडतं: ओल, वास, अळ्या. म्हणून आपल्याकडच्या इकोसॅन (मळ-लघवी वेगळी करून खत करणाऱ्या) संडासांत धुवायला तिसरी जागा असते. तीच पद्धत ट्रेलरमध्ये बसवा.

बैठकीत पुढं लघवीचं भांडं, मागं मळाची २० लिटरची बादली. त्याच्या शेजारी अर्ध्या फुटावर धुवायची उथळ मोरी, तिला सायफनचा ट्रॅप, आणि तिथून पाइप वेगळ्या २० लिटरच्या कॅनमध्ये. आईंना सरकायला सोपं जावं म्हणून दोन्हींची उंची एक ठेवा, १७-१८ इंच, आणि भिंतीत पकडायला दांडी. दांडीसाठी आत्ताच सांगाड्यात लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या, नुसत्या प्लायला स्क्रू धरत नाही. जेट लावू नका, त्यातून एका वेळी दोन-तीन लिटर जातात. तांब्यानं धुतलं तर लिटरभरात होतं.

मळावर दर वेळी दोन-तीन ओंजळी कोरडं काहीतरी टाकायचं. कोकोपीट चालतं, सॉ-मिलचा भुसा चालतो (प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो), आणि आपल्या जिल्ह्यात उसाचं बगॅस मिळतं, ते उन्हात कडकडीत वाळवून चाळून घेतलं तर छान काम करतं. ओलसर राहिलं तर बुरशी येते. बादलीच्या वरून ८० मिमीचा १२ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर ओढत ठेवा, दोन वॉट, चोवीस तास चालू, दिवसाला ५० वॉट-तास. वास जातो आणि मळ वाळतो. बाहेरच्या टोकाला माशांसाठी बारीक जाळी. अशी बादली चार जणांना तीन-साडेतीन दिवस पुरते, एक रिकामी झाकणाची जवळ ठेवा.

लघवीचा १० लिटरचा कॅन दीड दिवसात भरतो. उष्णतेनं अमोनियाचा वास लवकर सुटतो, रिकाम्या कॅनमध्ये आधीच चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकलं तर उशिरा सुटतो. दहापट पाणी मिसळून झाडाच्या आळ्यात ओतता येते, शेतमालकाला विचारून. धुण्याचं पाणी मात्र जमिनीवर नाही. त्यात मळाचे जंतू असतात. ते झाकणबंद कॅनमध्ये घरी आणायचं किंवा परवानगीनं एखाद्या संडासात ओतायचं.

मळाची बादली घरी आणल्यावर खड्ड्यात किंवा झाकणाच्या ड्रममध्ये वर्षभर तरी पडू द्या. चार दिवसांत त्याचं खत होत नाही, विक्रेते काहीही म्हणोत. नंतरही फळझाडांनाच घाला, भाजीला नको. आणि हे काम घरच्यांनीच हातमोजे घालून करायचं. दुसऱ्या माणसाला पैसे देऊन मैला हातानं उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे, आणि कायदा नसता तरी ते लावू नये.

सांडपाण्याचा पाइप खाली सोडू का, असं विचारलंत. नका सोडू. भिगवणला तुम्ही ज्या पाण्याकाठी उभे राहणार, तेच उजनीचं पाणी सोलापूर पितं. ६० लिटरची टाकी बसवा, दीड इंची व्हॉल्व्ह, वर हवेचा पाइप, आणि बेसिनखाली केसांची-खरकट्याची जाळी. उन्हाळ्यात हे पाणी दुसऱ्या दिवशी कुजून वास मारतं, म्हणून रोज रिकामी करा. ताटं धुवायच्या आधी पुसून घ्या, तेल गेलं तर माती बंद होते. रिठ्यानं भांडी घासली तर झाडाला त्रास नाही. पाणवठ्यापासून शंभर फूट तरी लांब, मुरमाड जागा बघा. काळ्या मातीत ते मुरत नाही, डबकं होऊन डास होतात.

वजनकाटा लिहितात:

मागच्या टोकाची २०० लिटरची टाकी हा या आराखड्यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. ॲक्सल ते हुक ३.२ मीटर आणि टाकीचा मध्य ॲक्सलच्या मागं १.४ मीटर धरला, तर २०० किलो पाणी हुकावरचं वजन जवळपास ९० किलोंनी उचलतं. १२०० किलोच्या ट्रेलरला हुकावर ११०-१२० किलो असायला हवेत. उरले २०-३०. ६० च्या वेगाला मागून ट्रक गेला की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि बोलेरोही वळवतो.

टाकी ॲक्सलच्या थोडी पुढं, ट्रेलरच्या तळाच्या पातळीवर, आत आडपडदे असलेली. सांडपाण्याची टाकीही ॲक्सलजवळच. हे विसरतात लोक: जाताना पाणी पुढं भरलेलं असतं, येताना ते संपलेलं आणि सांडपाणी मागं साचलेलं, म्हणजे हुक दोन्हीकडून हलका होतो. निघायच्या आधी दोन्ही स्थितींत हुकाखाली कांद्याची पोती मोजायचा काटा ठेवून वजन बघा, आणि एकदा पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या.

तुमच्या हातात ३५० किलो आहेत. टाकी १२० लिटरची, शिवाय पिण्याचे २० लिटरचे दोन जार, म्हणजे १६०. बॅटरी २५, पॅनल फ्रेमसकट ३८, पाच किलोचा गॅस टाकीसह १२-१३, फ्रीज २०, अंथरूण-भांडी ६०. झाले ३१५. जुन्या आराखड्यात हीच बेरीज साडेचारशेच्या घरात जात होती.

चौघांना पिण्या-स्वयंपाकाचं २०, भांडी १०, हात-तोंड ८, प्रत्येकी ८ लिटरची अंघोळ ३२, संडासाचं ७. रोजचे ७७. म्हणजे दोन दिवसांचं न्यायचं आणि मध्ये एकदा भरायचं. ११ लिटर प्रति मिनिटाचा पंप घेऊ नका, ४-५ चा घ्या, पाणी आपोआप निम्मं लागतं.

बोअरचं पाणी टाळा. आपल्या बेसाल्टातलं पाणी जड असतं, पंपाच्या रबरी व्हॉल्व्हवर पांढरा थर बसतो आणि पंप न थांबता गुरगुरत राहतो. नळाचं भरा. ते रोज येत नाही, म्हणून आलेल्या दिवशी भरून ठेवलं तर गरम टाकीत क्लोरीन दोन दिवसांत उडून जातं. ताज्या ब्लीचिंग पावडरचा एक ग्रॅम थोड्या पाण्यात ढवळून, गाळ बसल्यावर वरचं निवळ १२० लिटरमध्ये टाका. अर्ध्या तासानं वापरा. आरओ ट्रेलरमध्ये नको, एक लिटर देताना दोन-तीन फेकतो.

टाकी फूड-ग्रेड, काळी किंवा झाकलेली. पारदर्शक पांढरीत शेवाळ धरतं. पंपाच्या आधी गाळणी. हंगामाच्या सुरुवातीला १२० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १२० मिली टाकून सगळे नळ वास येईपर्यंत उघडा, चार तास ठेवा, मग दोनदा धुवून काढा.

कुरुल_नाका लिहितात:

टाक्या ॲक्सलवर घेतोय, फॅब्रिकेटरला आजच सांगितलं. मुरमाड सर, रेल्वेच्या डब्यातल्यासारखा बायो-टॉयलेट बसवला तर? आणि वारीच्या गर्दीत धुण्याच्या पाण्याचा कॅन कुठं रिकामा करायचा?

मुरमाड लिहितात:

डीआरडीओच्या त्या टाकीतल्या जिवाणूंना मैला पचवायला दिवस लागतात, तास नाही. रोजचे २२ लिटर सहा दिवस आत थांबायचे म्हटलं तर १३२ लिटरची टाकी, वर कप्पे आणि पत्रा धरून दीडशे किलो. तुमच्याकडे उरलेत ३५. शिवाय ट्रेलर महिनोन्महिने उभा राहिला तर जिवाणू मंदावतात, आणि कुणी फिनेल किंवा ॲसिड भरपूर ओतलं तर मरतात. बाहेर येणारं पाणीही वाहत्या पाण्यात सोडण्याजोगं नसतं. घरी शोषखड्ड्यावर ते ठीक, चाकांवर नाही.

वारीत पालखी तळांवर फिरती शौचालयं ठेवलेली असतात. देखरेख करणाऱ्याला विचारून तिथं ओता, पण पहाटे नको, तेव्हा रांग असते आणि टाक्या भरत आलेल्या असतात. दुपारी मोकळं असतं. पेट्रोल पंपावरही विचारून, संडासाच्या भांड्यातच, बेसिनमध्ये किंवा गटारात नाही. ओतल्यावर दोन लिटर पाण्यानं भांडं धुऊन द्या, कॅनमध्ये लिटरभर पाणी घालून हलवून तेही तिथंच टाका. कॅनला फॉर्मालिनचं निळं औषध घालू नका, ते सेप्टिक टँक मारतं. कॅनचं तोंड रुंद आणि झाकण आट्यांचं घ्या, रबरी वॉशर जादा ठेवा. उन्हात गॅस धरून कॅन फुगतो, म्हणून तो सावलीच्या कप्प्यात ठेवा आणि झाकण हळूहळू सैल करून आधी हवा जाऊ द्या.